चौकटीवरची शपथ

कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलींच्या, घरात शिरताना दाराच्या उजव्या चौकटीवर एक बोटभर नळी दिसते. तिला मेझुझा म्हणतात. आत चामड्याच्या पातळ पट्टीवर हिब्रू मजकूर असतो: आपल्या देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने प्रेम कर, या गोष्टी मुलाबाळांना शिकव, दाराच्या चौकटींवर लिहून ठेव. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’ची हिब्रू जवळपास पुसली गेली होती, तरी या मजकुराची पहिली ओळ, ‘शेमा इस्राएल’ (हे इस्राएला, ऐक), त्यांच्या तोंडी टिकून होती.

पण प्रेम कर, असा हुकूम कोण सोडतं?

1955 साली इराकमध्ये निमरूदच्या उत्खननात, नबू देवाच्या मंदिरात, मातीच्या पाट्यांचे साडेतीनशेहून जास्त तुकडे मिळाले. जुळवून वाचल्यावर निघाली ती इ.स.पू. 672 मधली शपथ. असिरियाचा सम्राट एसर-हद्दोन याच्या बापाचा खून बापाच्याच दुसऱ्या मुलाने केला होता. तेव्हा आपल्यामागे आपला मुलगा अशुरबनिपालच गादीवर बसावा, म्हणून त्याने प्रजेला आणि मांडलिकांना देवांसमोर उभं करून बांधून घेतलं. अशुरबनिपालवर स्वतःच्या जिवाइतकं प्रेम करा. मुला-नातवंडांना ही शपथ सांगा. ही पाटी देवासारखी जपा. ‘प्रेम’ हा इथे दरबारी शब्द आहे. त्याचा अर्थ निष्ठा.

जेरुसलेमचा राजा मनश्शे हाही असिरियाचा मांडलिक. असिरियाची राजधानी निनवे, तिथल्या राजवाड्यासाठी लाकूड-दगड वाहून आणायला लावलेल्या 22 राजांच्या यादीत त्याचं नाव आहे. जेरुसलेममध्ये अशी पाटी सापडलेली नाही. मात्र 2009 मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनातच्या मंदिरात याच शपथेची आणखी एक प्रत मिळाली, म्हणजे प्रती दूरच्या मुलखातही पोचत होत्या.

मेझुझातला मजकूर बायबलच्या ज्या ग्रंथातून येतो, त्याला मराठीत ‘अनुवाद’ म्हणतात. (अर्थ ‘पुन्हा सांगणे’, पण नाव भलतंच समर्पक आहे.) त्याच्या 28व्या अध्यायात शापांची रांग आहे. आकाश पितळेचं होईल, जमीन लोखंडाची होईल. असिरियन शपथेत हेच दोन धातू, याच कामासाठी. त्याहून बोलका आहे तो क्रम. दोन्हीकडे आधी कातडीचा रोग, लगेच आंधळेपण. असिरियात याला कारण आहे: चंद्रदेव सिन कोड देतो, त्याच्या पाठोपाठ येणारा सूर्यदेव शमाश डोळ्यांपुढे अंधार करतो. ‘अनुवाद’मध्ये देव एकच, त्यामुळे या क्रमाला स्वतःचं कारण उरत नाही. परीक्षेतली कॉपी अशीच पकडतात. शापांच्या भाषेची परंपरा त्या भागात आधीपासून होती, तेव्हा थेट उचल मानायची गरज नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. मला मात्र क्रमाचा पुरावा झटकून टाकता येत नाही.

म्हणजे सम्राटाने मागितलेली निष्ठा जेरुसलेमच्या कुणा लेखनिकाने उचलली आणि थेट देवाच्या पायाशी नेऊन ठेवली. हे बंडच होतं. पण उचलताना त्यातली दहशतही सोबत आली. भाऊ, मुलगा, मुलगी किंवा भविष्य सांगणारा युवराजाविरुद्ध बोलला तर लपवू नका, असं असिरियन शपथ बजावते. ‘अनुवाद’च्या 13व्या अध्यायात भाऊ, मुलगा, मुलगी, बायको परक्या देवाकडे ओढू लागली तर झाकून ठेवू नकोस, ठार कर. येशूने सर्वांत मोठी म्हणून सांगितलेली आज्ञा याच ग्रंथातली, देवावरच्या प्रेमाची. आणि 1553 मध्ये जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला पाखंडी म्हणून जिवंत जाळल्यावर तिथल्या ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्विनने समर्थनासाठी आधार घेतला तो या 13व्या अध्यायाचा.

निमरूदच्या त्या पाट्यांवर ज्यांची नावं आहेत ते सरदार बहुतेक मेद मुलखातले, म्हणजे आजच्या इराणातले. इ.स.पू. 612 मध्ये निनवे लुटून जाळणाऱ्या फौजांमध्ये मेदही होते.