डोमेनमधील संगणक बंद होण्यातील विलंब

डोमेनमधील संगणक बंद होण्यातील विलंब : विंडोज डोमेनला (मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या समूहाला) जोडलेल्या कार्यालयीन संगणकाला बंद होण्याचा आदेश दिल्यावर तो प्रत्यक्ष बंद होण्यास नेहमीपेक्षा फार वेळ लागणे. डोमेनबाहेरच्या संगणकातही हा दोष आढळतो. डोमेनमध्ये सर्व्हरवरील रोमिंग प्रोफाइल (वापरकर्त्याच्या फायली व मांडणीचा सर्व्हरवर ठेवलेला संच), ग्रुप पॉलिसीच्या (सर्व्हरवरून लागू होणाऱ्या धोरणांच्या) स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फायली, आणि पोहोचेनाशा झालेल्या सर्व्हरची प्रतीक्षा या कारणांची भर पडते.

वेळ कोणत्या टप्प्यात जातो हे आधी ठरवावे लागते. संगणक बंद न करता केवळ लॉग ऑफ करून पाहावे. त्यातच वेळ जात असेल, तर दोष प्रोफाइलमध्ये, लॉग ऑफ स्क्रिप्टमध्ये किंवा उघड्या प्रोग्रॅममध्ये असतो. लॉग ऑफ झटपट होत असेल, तर सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम), ड्रायव्हर (उपकरण चालवणारे प्रोग्रॅम), अपडेट किंवा पेजफाइलकडे (मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेल्या फाइलकडे) वळावे. त्याच संगणकावर स्थानिक (डोमेनबाहेरच्या) खात्याने केलेली चाचणी प्रोफाइलवरील संशय पक्का करते अथवा दूर करते. ‘व्हर्बोजस्टेटस’ हे रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणीच्या नोंदकोशातील) मूल्य १ केल्यास काम कुठे अडले ते पडद्यावरच दिसते. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ नोंदवहीत २०० क्रमांकाची नोंद बंद होण्याचा एकूण काळ देते. विलंब लावणारा प्रोग्रॅम २०१, उपकरण २०२ आणि सेवा २०३ या नोंदींत सापडते.

संगणक बंद होताना सेवांना थांबण्यासाठी द्यावयाच्या मुदतीविषयी मतभेद आहेत. ही मुदत ठरवणारे ‘वेटटूकिलसर्व्हिसटाइमआउट’ हे रजिस्ट्री मूल्य एक्सपी व व्हिस्टामध्ये २०,००० मिलिसेकंद होते, विंडोज ७ मध्ये १२,००० झाले आणि विंडोज ८ पासून ५,००० आहे. ते आणखी घटवावे, हा वारंवार दिला जाणारा सल्ला जुन्या आवृत्त्यांच्या काळातला आहे. पाच सेकंदांतून दोन वाचवून फारसे साधत नाही. उलट लिहिणे पुरे होण्याआधीच डेटाबेसची सेवा तोडली जाण्याचा धोका असतो. शिवाय व्हिस्टापासून काही सेवा ‘प्रीशटडाउन’ (इतर सेवांच्या आधी मिळणारी बंद होण्याची) सूचना मागून घेतात आणि त्यांना ही मुदत लागू होत नाही. त्यांची मूळ मुदत १,८०,००० मिलिसेकंद, म्हणजे तीन मिनिटे होती. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ती १०,००० झाली. सेवा स्वतःसाठी याहून मोठी मुदतही ठरवू शकते. त्यामुळे रजिस्ट्रीतील आकडा बदलूनही विलंब तसाच राहिला, तर नवल नाही. अडवणारी सेवा शोधून ती अद्ययावत करणे किंवा काढून टाकणे हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो.

रोमिंग प्रोफाइल लॉग ऑफच्या वेळी सर्व्हरवर परत लिहिली जाते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये मोठ्या फायली साठल्या की हे लेखन रेंगाळते. फोल्डर रीडायरेक्शन करून, म्हणजे फोल्डरची जागा थेट सर्व्हरवर वळवून, हे फोल्डर प्रोफाइलबाहेर काढणे हा टिकाऊ उपाय. प्रोफाइलच्या आकारावर मर्यादा घातल्याने वाढ रोखली जाते, पण साठलेले ओझे हलत नाही. एक्सपीमध्ये वापरकर्त्याची रजिस्ट्री एखादी सेवा किंवा प्रिंटर ड्रायव्हर धरून ठेवत असल्यास ती मोकळी करण्याचा प्रयत्न मिनिटभरात ६० वेळा होई. त्यासाठी ‘यूपीएचक्लीन’ ही वेगळी सेवा बसवावी लागे. तिचे काम व्हिस्टापासून प्रणालीतच सामावले आहे. त्यामुळे आज रजिस्ट्री धरून ठेवल्याचा १५३० क्रमांकाचा इशारा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसला, तरी एवढ्यावरून विलंबाचे कारण सापडले असे समजू नये.

ग्रुप पॉलिसीच्या स्क्रिप्टना पूर्ण होण्यासाठी मूळ मुदत ६०० सेकंदांची असते. ती ० केल्यास प्रतीक्षेला मर्यादाच राहत नाही. बंद केलेल्या जुन्या सर्व्हरचा पत्ता असलेली, किंवा उत्तराची वाट पाहणारी पण खिडकी न दिसणारी स्क्रिप्ट ही मुदत पुरी खाऊ शकते. वायफाय वा व्हीपीएन आधीच तुटल्यास हेच घडते. ‘जीपीरिझल्ट’ आज्ञेच्या अहवालातून कोणती स्क्रिप्ट कोणत्या पॉलिसीतून येते ते कळते.

सुरक्षा धोरणात ‘पेजफाइल साफ करणे’ चालू असल्यास प्रत्येक वेळी पूर्ण फाइल शून्यांनी भरली जाते. सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर १६ गिगाबाइटच्या फाइलला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. हे धोरण डोमेनवरून येत असल्यास स्थानिक बदल पुढील पॉलिसी ताजी होताना पुसला जातो, म्हणून दुरुस्ती मूळ पॉलिसीतच करावी.

विंडोज ८ पासूनच्या फास्ट स्टार्टअपमध्ये (पुढची सुरुवात जलद करणाऱ्या सोयीत) ‘शट डाउन’ निवडल्यावर कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जतन होते; हे पूर्ण बंद होणे नसते. पूर्ण बंद होण्याचा काळ मोजायचा असल्यास ‘शटडाउन /एस /टी ०’ ही आज्ञा द्यावी.