गॅरंड की एम१ए : एका निवडीमागची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सर्व्हिस रायफल नेमबाजीत, म्हणजे सैन्याच्या धर्तीच्या रायफलीने होणाऱ्या स्पर्धांत, उतरू पाहणाऱ्या आणि लाकडी दस्त्याची, लष्करी वळणाची अर्ध-स्वयंचलित रायफलच हवी असलेल्या नेमबाजापुढे बहुतेक वेळा दोन नावे येतात : एम१ गॅरंड आणि एम१ए. दोन्ही एकाच घराण्यातल्या आहेत. रिसीव्हरची (बोल्ट आणि चाप सामावणाऱ्या धातूच्या मुख्य सांगाड्याची) ठेवण, फिरता बोल्ट, मागची छिद्राची साइट आणि चापाची जुळणी पाहिली की नाते लगेच ओळखू येते. त्यामुळे काडतूस, मॅगझिन आणि किंमत यांची तुलना करून निर्णय घेण्याकडे कल असतो. ती तुलना करावीच लागते. परंतु या दोन रायफली नागरी नेमबाजाच्या हाती कोणत्या वाटांनी आल्या, हे ठाऊक नसेल तर त्यांच्या किमतीतली, दर्जातली आणि स्पर्धेच्या नियमांतली तफावत उलगडत नाही. गॅरंड हा सैन्याने वापरून बाजूला ठेवलेला खरा साठा आहे. एम१ए मात्र कोणत्याही सैन्याची प्रमाण रायफल कधीच नव्हती. एम१४ ही जी लष्करी रायफल नागरिकांना मिळू शकली नाही, तिच्या जागी बनवलेली ती प्रतिकृती आहे.

गॅरंडचा पूर्वार्ध थोडक्यात सांगता येतो. ही रायफल आधी .२७६ या लहान काडतुसासाठी आखली गेली होती आणि तिच्यात दहा गोळ्या मावत असत. १९३२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी लहान काडतूस नाकारले आणि सैन्यात रूढ असलेले .३०-०६ काडतूस कायम ठेवले. जुन्या काडतुसांचा मोठा साठा शिल्लक होता आणि मंदीच्या काळात तो वाया घालवणे परवडणारे नव्हते. मोठ्या काडतुसामुळे क्षमता आठ गोळ्यांवर आली. १९३६ मध्ये रायफल स्वीकारली गेली आणि १९५७ पर्यंत अशा सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. आठ गोळ्यांची पत्र्याची क्लिप गोळ्यांसकट आत जाते आणि शेवटच्या गोळीबरोबर खणखणत बाहेर पडते, हे नेमबाजांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

निवडीचा खरा गुंता सुरू होतो तो १९५७ पासून. त्या वर्षी ७.६२ × ५१ मिमी काडतुसाची आणि वीस गोळ्यांचे सुटे मॅगझिन असलेली एम१४ स्वीकारण्यात आली. तिच्यासमोर चाचण्यांत उभी असलेली दुसरी रायफल मूळची बेल्जियन होती. अमेरिकेने ती नाकारली, पण तिच्याच वंशातली एसएलआर पुढे इशापूरच्या कारखान्यात तयार झाली आणि महाराष्ट्रातील वाचकांनी ती पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे पाहिली आहे. एम१४चे आयुष्य मात्र अल्प ठरले. एक सरकारी शस्त्रशाळा आणि तीन खासगी कारखाने मिळून सुमारे १३ लाख ८० हजार रायफली बनल्या आणि १९६४ मध्ये उत्पादन थांबले. ही रायफल स्वयंचलित मारा करू शकत असे, पण एवढ्या जोरकस काडतुसामुळे तो मारा हातात राहत नसे. म्हणून बहुसंख्य रायफली एकेरी की स्वयंचलित मारा हे ठरवणाऱ्या निवड-कळीच्या जागी कुलूप बसवून, म्हणजे प्रत्यक्षात अर्ध-स्वयंचलित स्वरूपातच, सैनिकांना दिल्या जात. पुढच्या वादात हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय रायफल स्पर्धा १९०३ मध्ये सुरू झाल्या आणि १९०७ पासून त्या ओहायोतील ईरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरी येथे स्थिरावल्या. सैनिक जी रायफल वापरतो तीच नागरिकानेही वापरावी आणि गरज पडल्यास प्रशिक्षित नेमबाज तयार असावेत, ही त्यामागची सरकारी भूमिका होती. त्यामुळे सैन्याने रायफल बदलली की नागरी नेमबाजालाही नवी रायफल मिळायला हवी होती. एम१४च्या बाबतीत नेमके इथेच घोडे अडले, कारण १९३४ च्या कायद्यानुसार एका चापात एकाहून अधिक गोळ्या झाडणारे किंवा तसे झाडण्यासाठी घडवलेले शस्त्र मशीनगन ठरत असे आणि त्यावर दोनशे डॉलरचा कर व नोंदणीचे बंधन होते.

यावर तोडगा काढला गेला होता, हे आज फारसे कोणी सांगत नाही. ८ फेब्रुवारी १९६५ च्या एका लष्करी नियमावलीत नागरी नेमबाजीसाठी एम१४चे दोन प्रकार नमूद आहेत : एक साधा आणि दुसरा स्पर्धेसाठी खास जुळवलेला. दोन्हींमध्ये स्वयंचलित माऱ्याची सोय कायमची बंद केलेली असे, आणि अशा रीतीने बदललेल्या रायफली १९३४ च्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असा निर्वाळा संबंधित कर विभागाच्या प्रमुखांनी दिल्याचे त्याच नियमावलीत म्हटले होते. म्हणजे सैन्य आणि कर विभाग या दोघांच्याही मते हा प्रश्न मिटला होता. मात्र १९६८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मशीनगनच्या व्याख्येत शस्त्राच्या रिसीव्हरचाही समावेश झाला. या दुरुस्तीतून प्रशासनाने पुढे जो अर्थ काढला तो असा, की जो रिसीव्हर एकदा मशीनगनचा म्हणून घडला तो नेहमीसाठी मशीनगनचाच. मग त्याच्यावर कितीही वेल्डिंग करा, काही भाग कापून टाका किंवा स्वयंचलित माऱ्याचे सुटे भाग कायमचे काढून घ्या. १९८६ मध्ये नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणीच बंद झाल्यावर उरलेली फटही बुजली.

या अर्थाची बाजू समजून घेण्यासारखी आहे. वेल्डिंग घासून काढता येते, रिसीव्हरच्या उजव्या बाजूचा, निवड-कळ ज्यावर बसते तो कान शाबूत असला तर बाकीचे भाग जुळवणे कुशल कारागिराला अवघड नाही, आणि लाखो रायफलींच्या बाबतीत प्रत्येकीची तपासणी करत बसणे कोणत्याही खात्याला शक्य नव्हते. तरीही युक्तिवाद म्हणून तो पुरा पडत नाही, असे म्हणावे लागते. इटलीतील एका कारखान्याने याच गॅरंडमध्ये फेरफार करून वीस गोळ्यांच्या मॅगझिनची, स्वयंचलित मारा करणारी बीएम५९ घडवली होती. म्हणजे गॅरंडच्या रिसीव्हरमध्येही ती शक्यता दडलेली होतीच. पण गॅरंड अर्ध-स्वयंचलित म्हणून जन्मली, म्हणून तिच्यावर बंधन आले नाही. आणि एम१४, जी बहुतांश सैनिकांच्या हाती कुलूपबंद स्वरूपातच होती, ती जन्मानेच दोषी ठरली. नियमाने रायफल काय करते यापेक्षा ती मुळात काय म्हणून घडवली गेली याला निर्णायक महत्त्व दिले. परिणामी कोठारांत पडून असलेल्या एम१४पैकी पुष्कळ १९९० च्या दशकात भट्टीत गेल्या, काही बाल्टिक देशांसारख्या मित्रराष्ट्रांना दिल्या गेल्या, आणि ज्या नेमबाजांसाठी १९६५ ची नियमावली लिहिली गेली होती त्यांना त्या सर्वसाधारण विक्रीतून कधी मिळाल्याच नाहीत.

ही पोकळी भरून काढण्यासाठी एम१ए आली. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळा १९६८ मध्ये बंद झाल्यानंतर तिच्याच नावाने टेक्सासमधल्या डेव्हाइन येथे एका खासगी कंपनीने १९७१ मध्ये या रायफलीचे उत्पादन सुरू केले आणि १९७४ मध्ये ही कंपनी इलिनॉयमधील जेनेसिओ येथे नव्या मालकांकडे गेली. निवड-कळीचा कान नसलेला नवा रिसीव्हर घडवायचा आणि त्याभोवती एम१४चे सुटे लष्करी भाग जुळवायचे, अशी ही रचना होती. बोल्ट, नळी, बोल्टला मागेपुढे करणारा ऑपरेटिंग रॉड, चापाचा संच हे सारे सरकारी साठ्यातून मोकळे झालेले भाग सुरुवातीला मुबलक मिळत. मूळ एम१४चा रिसीव्हर घडाईचा होता, एम१एचा ओतीव आहे. ओतीव रिसीव्हर दुबळाच असतो हा समज टोकाचा आहे; मात्र सुट्या लष्करी भागांचा साठा आटत गेला आणि त्यांची जागा कंपनीने स्वतः बनवलेल्या भागांनी घेतली, त्यामुळे १९७० च्या दशकातली एम१ए आणि अलीकडची एम१ए यांना एकाच मापाने मोजता येत नाही. वापरलेली एम१ए विकत घेताना क्रमांकावरून तिचे वय पाहण्याची पद्धत त्यातूनच पडली.

गॅरंडची वाट याच्या नेमकी उलट गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्क, ग्रीस, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स अशा देशांना मदत म्हणून दिलेल्या रायफलींपैकी काही कालांतराने परत येऊ लागल्या. १९९६ च्या कायद्याने नागरी नेमबाजीचा सरकारी कार्यक्रम एका ना-नफा संस्थेकडे सोपवला आणि साठ्यातील गॅरंड पात्र नागरिकांना विकण्याचा अधिकार तिला मिळाला. संलग्न क्लबचे सभासदत्व आणि नेमबाजीतील सहभागाचा पुरावा या अटी असल्या, तरी दर दुकानातल्यापेक्षा बराच कमी राहिला. कोरियातील ८० हजारांहून अधिक गॅरंड खासगी आयातीने आणण्याचा प्रस्ताव मात्र २०१० मध्ये अमेरिकी प्रशासनाने रोखला आणि २०१३ मध्ये अशा लष्करी शस्त्रांच्या खासगी पुनर्आयातीला जवळपास पूर्ण बंदी आली. फिलिपिन्समधल्या रायफली खासगी हातांतून न जाता सैन्यामार्फत परतल्या, म्हणून त्या विक्रीला येऊ शकल्या. चांगल्या नळीच्या मूळ रायफली दुर्मिळ होऊ लागल्यावर जुन्या रिसीव्हरवर नवी नळी आणि नवा दस्ता चढवून विकल्या जाणाऱ्या गॅरंडही यादीत आल्या.

यंत्राच्या दृष्टीने मुख्य फरक वायूच्या मार्गाचा आहे. गॅरंडमध्ये वायू नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून निघतो आणि लांब, वाकड्या ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. हा रॉड सुमारे १५० ग्रेन (जवळपास १० ग्रॅम) वजनाच्या गोळीच्या लष्करी काडतुसाच्या दाबासाठी आखलेला आहे. शिकारीसाठी बनवलेल्या आजच्या .३०-०६ काडतुसांत जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू असते, छिद्राशी दाब अधिक राहतो आणि रॉड वाकण्याची भीती असते. म्हणून गॅरंडसाठी खास बनवलेली काडतुसे घ्यावी लागतात किंवा दाब कमी-जास्त करता येणारा गॅस प्लग बसवावा लागतो. एम१४मध्ये, आणि म्हणून एम१एमध्येही, छिद्र नळीच्या तोंडापासून मागे सरकवले आहे. वायू पिस्टनच्या पोटात शिरतो आणि पिस्टन हलताच छिद्राचे तोंड आपोआप बंद होते, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त वायू आत जात नाही. लष्करी अभियांत्रिकीने गॅरंडच्या अनुभवातून काही शिकले असेल तर ते मुख्यतः इथे दिसते. नळीही २४ इंचांवरून २२ इंचांवर आली. वजनात मात्र दोघींमध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही. दोन्ही चार किलोंच्या पुढे जातात.

स्पर्धेचा मूळ क्रम पन्नास गोळ्यांचा आहे : २०० यार्डांवरून उभ्याने दहा, तिथूनच बसून साठ सेकंदांत दहा, ३०० यार्डांवरून पालथे झोपून सत्तर सेकंदांत दहा आणि ६०० यार्डांवरून झोपून सावकाश वीस. जलद टप्प्यात दोन आणि आठ अशा दोन हप्त्यांत गोळ्या भरण्याची रीत गॅरंडच्या आठाच्या क्लिपमुळे पडली आणि ती वीस गोळ्यांच्या मॅगझिनच्या काळातही टिकली. त्यामुळे एम१एची जास्त क्षमता इथे प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत खरा फरक पडला तो काडतुसामुळे आणि दस्त्यात रेझिनची गादी घालून रायफल घट्ट बसवण्याच्या कौशल्यामुळे. ही गादी काही हजार गोळ्यांनंतर ढिली पडते, आणि ती पुन्हा घालणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत.

१९९० च्या दशकात लष्करी संघ एम१६ या लष्करी रायफलीकडे वळले. लहान काडतुसाचा कमी धक्का, स्वस्त सराव आणि नळीला न टेकणारे हँडगार्ड यांमुळे काही वर्षांतच नागरी नेमबाजही एआर१५, म्हणजे एम१६चे अर्ध-स्वयंचलित नागरी रूप, घेऊन मैदानात उतरले. २०१६ मध्ये साडेचार पटींपर्यंतच्या दुर्बिणीला परवानगी मिळाल्यावर जुन्या पद्धतीच्या छिद्राच्या साइटने लढणाऱ्या एम१एची पीछेहाट पूर्ण झाली. नियमांत एम१४ आणि तिची व्यावसायिक रूपे अजूनही सर्व्हिस रायफल म्हणून मान्य आहेत, पण निकालाच्या वरच्या पानांवर ती क्वचित दिसतात. गॅरंडला मात्र याच काळात स्वतःचे अंगण मिळाले : १९९८ पासून कॅम्प पेरीला मूळ लष्करी अवस्थेतील गॅरंडसाठी २०० यार्डांची वेगळी स्पर्धा भरते आणि देशभरच्या क्लबांत तिच्या आवृत्त्या होतात. तशाच अवस्थेतल्या एम१एला अलीकडच्या लष्करी रायफलींच्या गटात जागा आहे, पण तिथेही तिची गाठ एआर१५शी पडते.

याखेरीज राज्यांच्या कायद्यांचा प्रश्न आहे. १९९४ ते २००४ या काळात लष्करी वळणाच्या अर्ध-स्वयंचलित शस्त्रांवर असलेल्या केंद्रीय बंदीत सुट्या मॅगझिनच्या रायफलीवर ठरावीक लष्करी वैशिष्ट्यांपैकी दोन असली तर ती निषिद्ध ठरत असे. म्हणून एम१एच्या नळीवरचा ज्वालारोधक बदलून तिथे धक्का कमी करणारा ब्रेक आला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ती अडचण पुढेही राहिली. स्थिर मॅगझिनची गॅरंड या व्याख्येच्या बाहेर असल्याने केंद्रीय बंदीच्या दहा वर्षांतही ती आहे तशीच विकली जात होती.

यामुळे आज दोघींमधली निवड बरीचशी स्पर्धेच्या निवडीवर येऊन ठेपते. फक्त २०० यार्डांच्या मूळ अवस्थेतील सामन्यांत भाग घ्यायचा असेल आणि योग्य काडतुसे मिळवण्याची तयारी असेल, तर परत आलेल्या साठ्यातील गॅरंड कमी खर्चात पुरे पडते. सुटे मॅगझिन आणि सहज मिळणारे .३०८ काडतूस (७.६२ × ५१ मिमीचे नागरी रूप) हवे असेल, आणि ६०० यार्डांवर एआर१५च्या मागे राहण्याची तयारी असेल, तर एम१ए घ्यावी. मात्र ती घेताना जुन्या लष्करी भागांची रायफल मिळते आहे की कंपनीने बनवलेल्या नव्या भागांची, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे, कारण दोन्हींच्या किमतीत आणि सुट्या भागांच्या दर्जात मोठा फरक पडतो.