विहिरीची पायरी वर का दिसते?

मोहोळजवळ मामाच्या रानात विहीर आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी पोरं तिथंच पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो. पाण्याखालची पायरी अगदी जवळ दिसायची, आता पाय टेकणार असं वाटायचं आणि पाय खालीच जायचा. मामा वरनं ओरडायचा, "पाणी फसवतंय रे, दिसतंय त्याच्यापेक्षा खोल धर!" मामाचं अगदी बरोबर होतं. सरळ वरनं बघितलं तर ४ फूट खोल पाणी ३ फुटांचंच वाटतं, तिरकं बघितलं तर अजून उथळ. लहान पोरांना विहिरीवर नेणाऱ्यांनी हे खरंच ध्यानात ठेवा.

हे होतं कारण पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, आणि वेग बदलला की त्याची वाट वाकते. निर्वात पोकळीत तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, म्हणजे ढोबळमानानं ३ लाख किलोमीटर, आणि १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच ह्या आकड्यावर ठरलीय. पाण्यात तोच सव्वादोन लाखांवर येतो, साध्या काचेत २ लाख, हिऱ्यात जेमतेम सव्वा लाख.

आता कमी होतो म्हणजे नक्की काय होतं? पुष्कळ ठिकाणी सांगतात की प्रकाश अणूंना धडकत धडकत पुढं जातो म्हणून उशीर होतो. मला हे उत्तर शाळेपासून खटकायचं, आणि ते चूकच आहे. असं धडकत गेला असता तर प्रकाश चारी दिशांना उधळला असता, पाणी दुधासारखं दिसलं असतं आणि पायरी दिसलीच नसती. खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची लाट आहे, ती पाण्यात शिरली की तिथल्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलायला लागतात, आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःची छोटी लाट सोडतो, त्याच तालाची पण मूळ लाटेच्या जरा मागं पडलेली. मूळ लाट आणि ह्या कोट्यवधी छोट्या लाटा यांची बेरीज होऊन जी एक लाट तयार होते ती हळू सरकते, आणि आपल्याला दिसतो तो प्रकाश म्हणजे ही बेरीजच. म्हणून तर पाण्यातनं बाहेर पडल्यावर प्रकाशाला वेग परत "पकडावा" लागत नाही, हलणारे इलेक्ट्रॉन मागं राहिले, संपलं. निळ्या रंगाला हे इलेक्ट्रॉन लाल रंगापेक्षा जास्त साथ देतात, त्यामुळं निळा थोडा जास्त रेंगाळतो, आणि इंद्रधनुष्यात रंग वेगळे होतात ते त्याच्यामुळंच.

न्यूटनला वाटायचं प्रकाश म्हणजे कण, आणि त्या हिशोबानं तो पाण्यात उलट जोरात जायला पाहिजे होता. १८५० साली पॅरिसमध्ये फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं फिरता आरसा लावून मोजलं, पाण्यात प्रकाश हवेपेक्षा हळूच निघाला.

वेग बदलला की वाट का वाकते ते बैलगाडीवरनं कळतं. पाऊस झाल्यावर गाडी पक्क्या रस्त्यावरनं तिरकी काळ्या रानात घातली की जे चाक आधी चिखलात जातं ते रेंगाळतं आणि गाडी त्या बाजूला वळते. प्रकाशाचंही तसंच. पायरीवरनं निघालेला प्रकाश पाण्याबाहेर येताना वाकतो, डोळा मात्र तो सरळच आला असं धरतो, म्हणून पायरी वर दिसते. मे महिन्यात सोलापुरात ४२-४३ डिग्रीला अक्कलकोट रोडनं दुपारी गेलात तर पुढं रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चमकतं ना, तिथं हीच गाडी उलटी वळते. हवेत प्रकाश पोकळीपेक्षा सेकंदाला ८०-९० किलोमीटरनंच हळू असतो, पण डांबराला चिकटलेली तापलेली हवा विरळ, तिच्यात तो काही किलोमीटर जास्त वेगानं जातो, लाटेची खालची बाजू पुढं पळते आणि प्रकाश वर वळून आपल्या डोळ्यात येतो. ते पाणी नसतं, आभाळाचा तुकडा असतो.

पदार्थ तोच ठेवून वेगाशी खेळता येतं. १८४५ साली फॅरेडेनं जड काचेत चुंबकीय क्षेत्र लावलं तर प्रकाशाच्या कंपनाची दिशाच फिरली, कारण चुंबकामुळं डावीकडं गरगरणाऱ्या आणि उजवीकडं गरगरणाऱ्या लाटेचा वेग काचेत सारखा राहत नाही. १९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लेना हाऊ यांच्या टीमनं तर अतिथंड सोडियमच्या ढगात लेसरच्या मदतीनं प्रकाशाचा झोत सेकंदाला १७ मीटरवर आणला, ताशी ६० किलोमीटर, आपली एसटी त्याला ओव्हरटेक करेल.

गुरुत्वाकर्षणामुळंही प्रकाशाला उशीर होतो, पण त्याचं वेगळं आहे. तिथं पदार्थ नाही, इलेक्ट्रॉन नाहीत, आणि जागेवर मोजलं तर वेग तेवढाच भरतो. पण सूर्याजवळ काळ आणि अवकाशच वाकलेलं असतं, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला प्रकाश उशिरा पोचलेला दिसतो. १९६४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ शापिरो यांनी हे सुचवलं आणि नंतर शुक्र आणि बुधावर रडारचे सिग्नल पाठवून मोजलंही. सिग्नल सूर्याच्या अगदी जवळून गेला की जाऊन-येऊन साधारण २०० मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. एवढ्या वेळात प्रकाश ६० किलोमीटर जातो, सोलापूर ते पंढरपूरपेक्षाही कमी, आणि तो उशीर त्यांनी शुक्रापर्यंतच्या ५० कोटी किलोमीटरच्या वर असलेल्या जाण्यायेण्यात पकडला.