कोरडं बोलायला ओला घसा लागतो

भाचीच्या इंग्रजी धड्यात एक पात्र ‘ड्रायली’ काहीतरी म्हणालं. शब्दकोशात अर्थ सापडला, ‘कोरडेपणाने’. तिचा प्रश्न: “मामा, घसा सुकला होता का त्याचा?”

घशाचा संबंध नाही, आणि आपल्या ‘कोरडेपणा’चाही फारसा नाही. मराठीत कोरडं बोलणं म्हणजे आपुलकी नसणं. ड्रायली बोलणाऱ्याच्या पोटात बहुतेक वेळा हसू दडलेलं असतं. पंचवटीतल्या एका मिसळवाल्याला नाकाडोळ्यांतून पाणी गळणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, “तिखट आहे का हो?” तो मख्खपणे म्हणाला, “नाही, गोडाचीच करतो आम्ही.” हे ड्रायली. टोमणा मारणारा सूर लांबवतो, “वाऽऽ, काय वेळेवर आलात!” इथे सूर हलतच नाही.

सूर हलतो कसा, हा माझा आवडता भाग. ज्यांना आपण स्वरतंतू म्हणतो ते तंतू नव्हेतच. स्वरयंत्रात दोन मऊ घड्या असतात, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरच्या. खालून हवेचा दाब आला की त्या उघडतात. स्वतःच्या लवचिकपणाने आणि वाहत्या हवेच्या ओढीने पुन्हा मिटतात. पुरुषांत हे सेकंदाला साधारण १२० वेळा होतं, बायकांत २०० च्या आसपास. म्हणजे पुरुष सलग दहा मिनिटं ‘आ’ लावू शकला, तर ७२,००० वेळा. “अय्या!” म्हणताना एक छोटा स्नायू या घड्या ताणतो आणि पट्टी चढते, तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशी. ड्रायली बोलणारा खुंटीला हातच लावत नाही.

गंमत अशी, की प्रत्येक कंपनात घडीच्या श्लेष्मल अस्तरावरून एक लाट सरकते आणि त्यासाठी अस्तर ओलं लागतं. ते सुकलं की ताठरतं. मग घड्या हलवायलाच फुफ्फुसांना जास्त दाब द्यावा लागतो. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत नाशिककरांचे आवाज उगाच फाटत नाहीत.

‘स्वरतंतूंना थेट लेप’ देणारी चाटणं मात्र विसरा. गिळलेलं अन्ननलिकेत जातं. स्वरयंत्राची वाट त्या वेळी बंद असते. लेप खरंच तिथे लागला असता, तर ठसक्याने जीव गेला असता. पाणी प्यायचं ते शरीराने आतून ओलावा पुरवावा म्हणून. वाफ श्वासाबरोबर थेट पोचते.

तेवढ्यात आजीने भाचीपुढे ज्येष्ठमधाचा काढा ठेवला. एक घोट घेऊन, भुवईही न हलवता ती म्हणाली, “छान. अजून आहे का?”