मीठ, साबण आणि पाण्याची वरची कड

साध्या पाण्यात मीठ घातलं की त्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसून राहण्याची ओढ, किंचित वाढतो. पण त्याच पाण्यात आधीपासून चिमूटभर शाम्पू विरघळलेला असेल, तर मीठ घातल्यावर ताण उलट आणखी घटतो. मीठ तेच, मग परिणाम असा उलटा का?

शाम्पूच्या बाटलीवर ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ हे नाव दिसतं. त्याच्या रेणूला 12 कार्बनची शेपटी आणि सल्फेटचं डोकं असतं. शेपटीला पाणी नकोसं, म्हणून रेणू वर येतो आणि शेपटी हवेत काढून बसतो. अडचण डोक्यांची. प्रत्येक डोक्यावर ऋण प्रभार, त्यामुळे ती एकमेकांना खेटू देत नाहीत. मिठातले सोडियम आयन (धन प्रभार असलेले कण) या डोक्यांभोवती जमले की ढकलाढकल थंडावते, तेवढ्याच जागेत जास्त रेणू मावतात आणि ताण आणखी घटतो. शुद्ध पाण्यात पृष्ठभाग जवळपास भरायला लिटरला असा पदार्थ (सर्फॅक्टंट) सव्वादोन-अडीच ग्रॅम लागतो. लिटरमागे सहाएक ग्रॅम मीठ असेल तर अर्ध्या ग्रॅमच्या आतच काम होतं. धुण्याच्या पावडरीतल्या सोडियम सल्फेटला ‘नुसती भर’ म्हणून हिणवतात, ते म्हणूनच मला थोडं अन्यायाचं वाटतं.

गंमत पुढे आहे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, सीझियम या सगळ्यांच्या आयनांवर प्रभार सारखाच, तरी सल्फेटच्या डोक्यांना सीझियम सर्वांत दाट बसवतो. इवलासा लिथियम पाण्याचे रेणू घट्ट लपेटून घेतो, म्हणून डोक्यापासून दूर राहतो. सीझियमचं पांघरूण सैल, तो जवळ सरकतो. आयनांची अशी क्रमवारी शास्त्रज्ञ फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी प्रागमध्ये 1888 साली अंड्याच्या पांढऱ्यावरच्या प्रयोगांतून मांडली होती. साबणाचं डोकं मात्र सल्फेटचं नाही, कार्बोक्सिलेट या वेगळ्या ऋण प्रभारी गटाचं. त्याला लहान आयनच अधिक मानवतात, म्हणजे क्रम जवळजवळ उलटा!

आणि कॅल्शियम? त्याच्यावर दोन प्रभार. तो साबणाचे दोन रेणू एकदम पकडतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. कॅल्शियम असलेल्या बोअरच्या पाण्यात साबण ‘फाटतो’ तो असा. पृष्ठभागावर जायला साबण उरतच नाही, मग फेस कुठून येणार? अशा पाण्यात धुण्याचा सोडा टाकतात. त्यातला कार्बोनेट कॅल्शियमला धरून खाली बसवतो, आणि मागे राहतो सोडियम, डोक्यांची ढकलाढकल शांत करणारा.