मुथम्मा, चोनिरा बेलिअप्पा
(२४ जानेवारी १९२४ – १४ ऑक्टोबर २००९). भारतीय परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला अधिकारी आणि त्या सेवेतून राजदूत झालेल्या पहिल्या महिला. विजयालक्ष्मी पंडित १९४७ मध्येच मॉस्कोत राजदूत होत्या, पण ती राजकीय नेमणूक होती. मुथम्मा परीक्षा देऊन आल्या आणि पायरीपायरीने त्या पदाला पोहोचल्या.

जन्म कर्नाटकातील कोडगू (कूर्ग) भागातील विराजपेटचा. शिक्षण मडिकेरी व मद्रास येथे. इंग्रजी साहित्यात एम. ए. १९४८ मध्ये त्या लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या व १९४९ मध्ये रुजू झाल्या. आयोगाच्या अध्यक्षांनी परराष्ट्र सेवा घेऊ नका म्हणून मन वळवण्याचा प्रयत्न केला, तोंडी परीक्षेत कमीत कमी गुण दिले गेले, असे त्यांनी पुढे न्यायालयात मांडले. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे हमीपत्रही त्यांना लिहून द्यावे लागले होते. पहिली नेमणूक पॅरिसला. पुढे रंगून, लंडन व दिल्लीत मंत्रालयात काम. १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. त्यानंतर घानात (राष्ट्रकुलातील देश असल्याने तेथील पदाला उच्चायुक्त म्हणतात) आणि शेवटी नेदरलँड्समध्ये.

त्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत आहे ते १९७९ च्या खटल्यामुळे. प्रथम श्रेणीच्या बढतीत कनिष्ठांना पुढे नेऊन आपल्याला डावलले, अशी याचिका त्यांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी दाद मागण्याची तरतूद) थेट सर्वोच्च न्यायालयात केली. त्याच याचिकेत दोन सेवानियमांना आव्हान होते. १९६१ च्या वर्तणूक नियमांतील ८(२) नुसार महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतरही घरसंसार कामाच्या आड येईल असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता येई. भरतीविषयीच्या नियम १८(४) प्रमाणे विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नव्हता. पुरुषांना यातले काहीही लागू नव्हते.

हा खटला मुथम्मांनी जिंकला, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. सुनावणीपर्यंत सरकारने त्यांना बढती दिली होती, नियम १८(४) आधीच १९७३ मध्ये रद्द झाला होता आणि ८(२) काढून टाकत असल्याचे सरकारने सांगितले. त्यामुळे न्या. कृष्ण अय्यर व न्या. सिंघल यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. मात्र निकालपत्रात दोन्ही नियमांवर कठोर टीका आहे: घरसंसाराची अडचण स्त्रीला येऊ शकते तशी पुरुषालाही, मग अट एकटीलाच का? बढतीस झालेल्या काही महिन्यांच्या विलंबाने गेलेली ज्येष्ठताही पुन्हा तपासण्याचा आदेश मिळाला. अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता) व १६ (सरकारी नोकरीत समान संधी) शिकवताना आजही हेच निकालपत्र वाचतात, आणि ते पूर्ण वाचण्याजोगे आहे.

१९८२ मध्ये निवृत्ती. स्वीडनचे नेते ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय निःशस्त्रीकरण आयोगावर त्या भारतीय सदस्य होत्या. कोडवा (कोडगूतील एक समाज) पाककृतींच्या एका पुस्तकाच्या त्या सहलेखिका. बंगळूर येथे निधन.