हिरड्यांची शिबिरातली तपासणी आणि दवाखान्यातलं निदान, दोन्ही एकच धरू नका

शिबिरात तीन मिनिटात हिरड्या बघून चिठ्ठीवर एक आकडा लिहून देतात आणि दवाखान्यात अर्धा-पाऊण तास खुर्चीत बसवून हिरड्या मोजतात, या दोन्ही कामांना आपण एकच शब्द वापरतो, 'तपासणी', आणि सगळा घोळ तिथंच होतो. मी कोल्हापुरात दातांची प्रॅक्टिस करते आणि वर्षाला चार-पाच शिबिरं करते, करवीर, कागल, पन्हाळा, बोलावतील तिकडं. प्रत्येक शिबिरानंतर आठ-पंधरा दिवसात कोणी ना कोणी चिठ्ठी घेऊन येतंच, "मॅडम, ३ आलाय, म्हणजे पायोरियाची लास्ट स्टेज का?" त्यांना समजावता येतं. मला जास्त काळजी लागते ती आकडा लहान आला म्हणून घरीच राहिलेल्यांची.

आपल्याकडच्या पुरावरून बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आपण मोबाईलवर आधी तेच बघतो. त्या एका आकड्यावर माणसं-जनावरं हलवायची का ते ठरतं. पण तुमच्या घरात पाणी कुठवर आलं, भिंत खचली का, पोत्यातलं धान्य भिजलं का, हे त्या आकड्यावरनं कळत नाही, त्याला पाणी उतरल्यावर घरोघर पंचनामाच करावा लागतो. शिबिरातली तपासणी ही नुसती चाळणी, ती म्हणजे बंधाऱ्यावरची पातळी, आणि दवाखान्यातलं निदान म्हणजे पंचनामा.

आता ती पातळी मोजतात कशी ते सांगते, कारण ते एकदा कळलं की आकड्याची भीती निम्मी कमी होते. आमच्या हातात एक बारीक सळई असते, प्रोब म्हणतात, टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी असतो म्हणजे टोचू नये, आणि साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरच्या मधे एक काळा पट्टा असतो. ही सळई दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच सरकवायची, जोर २० ग्रॅमपेक्षा जास्त नको. नवीन इंटर्न आले की मी त्यांना आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली मणी टेकवून दाबायला लावते, नखाखालचं पांढरं पडलं की थांबायचं, तेवढाच जोर. मग नुसता पट्टा बघायचा. पट्टा पूर्ण दिसतोय आणि रक्त नाही, किटण नाही तर ०, रक्त आलं तर १, किटण असेल तर २, पट्टा अर्धवट हिरडीत गेला म्हणजे ४-५ मिलिमीटरचा कप्पा (दात आणि हिरडीमधली खोल झालेली फट) झालाय, तो ३, आणि पट्टा पूर्ण गायब झाला तर ६ किंवा जास्त, तो ४. तोंडाचे सहा भाग करायचे, मोठ्या माणसात ठरलेले १० दात बघायचे, आणि प्रत्येक भागातला सगळ्यात वाईट आकडा लिहायचा. बस. एक्स-रे नाही, लाईटची खुर्ची नाही, शाळेच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर सुद्धा होतं.

ही पद्धत १९८२ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कामातून आली, फिनलंडचे युक्का आयनामो आणि त्यांचे सहकारी यांनी मांडली, आणि तेव्हा तिच्या नावातच 'उपचारांची गरज' असे शब्द होते, म्हणजे आकडा बघा आणि उपचार ठरवा, ४ आला की मोठे उपचार. पुढं लक्षात आलं की एवढ्याशा आकड्यावर एका माणसाचे उपचार ठरवणं बरोबर नाही, म्हणून संघटनेच्या १९९७ च्या पुस्तिकेत ते शब्द काढून टाकले, राहिला फक्त समाजाच्या हिरड्यांचा निर्देशांक. २०१३ च्या पुस्तिकेत तर किटणाचा आकडाच काढला, रक्त वेगळं आणि कप्पा वेगळा लिहायचा, आणि ठरलेले १० नाही तर तोंडात असतील तेवढे सगळे दात बघायचे. आमच्या शिबिरात मात्र अजून ० ते ४ च चालतं कारण टेबलावर बसून लिहिणाऱ्या पोरीला ते पटकन जमतं.

मागच्या हिवाळ्यात एकाच शिबिरात तीन माणसं अशी भेटली की सगळा फरक त्यांच्यातच दिसावा.

पहिली कॉलेजची पोरगी, वय १९. ब्रश केला की बेसिन लाल होतंय म्हणून घाबरून तिनं त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलेलं. वीसच्या आतल्या पोरांचे आम्ही ६ च दात बघतो, कारण मागच्या नवीन आलेल्या दाढांपाशी हिरडी मुळातच उंच असते आणि खोटा कप्पा दिसतो. तिला आला १. म्हणजे हिरडीला सूज आहे, आतल्या हाडाला धक्का नाही, नीट सफाई केली आणि रोज त्याच जागेवर ब्रश फिरवला तर दोन-तीन आठवड्यात ओसरते. तिघांत सगळ्यात जास्त घाबरलेली हीच होती.

दुसरे काका, पन्नाशीचे, बिडी ओढणारे. "मॅडम, माझं काय बी दुखत न्हाई, रक्त बी येत न्हाई, मला कशाला बसवलंय?" आणि खालच्या डाव्या दाढेपाशी सळई सरकवली तर काळा पट्टा दिसेनाच. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतनं रक्त कमी येतं, त्यामुळं रोग आत पसरला तरी बाहेर खूण दिसत नाही. रक्त येत नाही म्हणजे हिरडी चांगली हे गणित त्यांच्याबाबतीत उलटं फिरतं.

तिसऱ्या आजी, चाळीस वर्षं मिश्री लावणाऱ्या. दात लांब झालेले, मुळं उघडी. सळई घातली तर कप्पा २ मिलिमीटर, पट्टा पूर्ण दिसतोय, किटण आहे म्हणून चिठ्ठीवर २. आजी खूश. पण हिरडीच पाच मिलिमीटर खाली उतरलीय, म्हणजे दाताचा आधार एकूण सात मिलिमीटर गेलाय, आणि कप्प्याच्या आकड्यात तो येतच नाही! नुसती पुढची हिरडी गेली असती तर मिश्री घासून झालं म्हणता आलं असतं, पण दोन दातांच्या मधली सुद्धा गेली होती, आणि तिथली जाते तेव्हा हाड गेलेलं असतं.

म्हणून पंचनामा. त्यात प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात, तीन बाहेरून तीन आतून, २८ दात असले तर १६८ जागा, आणि नुसता कप्पा नाही तर हिरडी किती उतरली तेही, दोन्हीची बेरीज म्हणजे गेलेला आधार. वर एक्स-रे. मग २०१८ ला आलेल्या वर्गीकरणानुसार स्टेज ठरते, दातांच्या मधे आधार १-२ मिलिमीटर गेला तर पहिली, ३-४ तर दुसरी, ५ किंवा जास्त तर तिसरी किंवा चौथी, आणि रोग किती जोरात पळतोय त्याची ग्रेड वेगळी. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेहात तीन महिन्यांची साखर (HbA1c) ७ टक्के किंवा वर, की ग्रेड सरळ सी, म्हणजे सगळ्यात जोरात पळणारा. चिठ्ठीवरचा ३ आणि स्टेज ३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते.

मग सगळ्यांचाच पंचनामा का नको? कारण एका माणसाला अर्धा-पाऊण तास लागतो, समोर व्हरांड्यात दोनशे माणसं बसलेली असतात आणि डॉक्टर आम्ही तिघं. चाळणी लावली नाही तर काका कधीच सापडले नसते. उलट चाळणी अजून सोपी करता आली तर मला हवीच आहे. अमेरिकेत सीडीसी ही रोगनियंत्रणाची सरकारी संस्था आणि तिथल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं नुसत्या आठ प्रश्नांचा संच केला, हिरडीचा आजार आहे असं वाटतं का, दात आपोआप सैल झालाय का, हाड गेलंय असं कुणी सांगितलंय का, असे. एकट्या माणसाचं निदान त्यावर होत नाही, पण गावात साधारण किती लोकांना त्रास असेल याचा अंदाज येतो. आशाताई नाहीतरी तिशीच्या पुढच्यांना साखर-बीपीसारख्या आजारांचा धोका आहे का ते विचारून फॉर्म भरायला घरोघर जातातच, त्यांच्या फॉर्मात दातांबद्दल दोन साधे प्रश्न बसले तर किती बरं होईल, कारण साखर आणि हिरडी दोन्ही एकमेकांना बिघडवतात.

आमच्या चिठ्ठीवर आता आकड्याखाली एक ओळ वाढवलीय, 'कुठल्या दातापाशी, आणि किती दिवसात दाखवायचं'. हिरडी खाली उतरलेली दिसली तर आकडा ० असला तरी ती ओळ भरायचीच, हे लिहिणाऱ्या पोरीला तीनदा सांगून ठेवलंय. आजींच्या चिठ्ठीवर मी ती स्वतः लिहिली, त्यांच्या सुनेला वाचून दाखवली, आणि पुढच्या सोमवारी दोघी एसटीनं आल्या.